पडद्यावरील किल्ले

दिवाळी चार दिवसांवर आली म्हणजे महाराष्ट्रांतील मुलांचे हात मातीनें माखूं लागतात. वाड्याच्या अंगणांत, चाळीच्या कोपऱ्यांत आणि अलीकडे इमारतींच्या गच्चीवर देखील दगड, विटा, कौलांचे तुकडे व जुनीं पोतीं गोळा होतात. त्यांवर चिखलाचा लेप बसतो. अळीव पेरून हिरवळ उगवते आणि तटावर मातीचे मावळे उभे राहतात. हा खेळ शाळेंत कोणी शिकवीत नाहीं. त्याला पुस्तक नाहीं, परीक्षा नाहीं. बक्षिसांच्या स्पर्धा निघाल्या त्याच्या कितीतरी आधींपासून तो चालत आला आहे. मुलगा चिखलानें भरून घरांत आला तरी त्या दिवसांत त्याच्यावर फारसें कोणी रागावत नाहीं. उलट शेजारच्या आळींतील किल्ल्यापेक्षां आपल्या आळीचा बुरूज उंच झाला आहे किंवा नाहीं, हें घरांतील वडील माणसेंच हळूच पाहून येतात.

तोच मुलगा दिवाळी संपल्यावर संगणकापुढें बसून पडद्यावर किल्ला बांधूं लागला, कीं मात्र घरांतला सूर पालटतो. “काय करतोस रे इतका वेळ?” असा प्रश्न येतो. “घर बांधतोय,” असें उत्तर मिळतें. आणि विचारणाऱ्याला ती थट्टा वाटते. वास्तविक तें उत्तर अक्षरशः खरें असतें. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा संवाद नित्याचा झाला असेल, आणि त्याचा शेवट बहुधा यंत्र बंद करण्यांत होत असेल. बंद करणें सोपें आहे व कित्येक वेळां तें योग्यही असतें. परंतु काय बंद केलें जात आहे हें ठाऊक असल्यावांचून केलेला निवाडा हा न्याय नव्हे. पडद्यावर खेळले जाणारे सारेच खेळ एका माळेचे मणी नाहींत. कांहींत केवळ नेम धरून गोळ्या झाडावयाच्या असतात, कांहींत मोटारी पळवावयाच्या असतात, तर कांहींत पैसे लावण्याचा मोह असतो. रचनेचे खेळ म्हणून जो एक वर्ग आहे तो यांहून निराळा. आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे माइनक्राफ्ट.

स्वीडन देशांतील मार्कुस पेर्सोन या तरुणानें २००९ सालच्या मे महिन्यांत या खेळाचें पहिलें कच्चें रूप लोकांपुढें ठेवलें. पूर्ण स्वरूपांत तो २०११ सालच्या नोव्हेंबरांत निघाला. २०१४ सालीं मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीनें, तो खेळ बनविणारी स्टॉकहोम येथील मोयांग ही संस्था २५० कोटी डॉलर्सना विकत घेतली. आणि २०२३ सालापर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. आंकडे डोळे दिपविणारे आहेत खरे, परंतु जगांत पुष्कळ खपणाऱ्या वस्तू हितकर असतातच असें नाहीं. तेव्हां खपाची गोष्ट बाजूला ठेवून खेळाच्या अंतरंगाकडे वळलेलें बरें.

या खेळांतील सारें जग ठोकळ्यांचें आहे. प्रत्येक ठोकळा लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मापांनीं एक मीटरचा. डोंगर, रान, वाळवंट, गुहा हें सर्व त्याच मापांत घडविलेलें असतें. खेळणारा या जगांत रिकाम्या हातानें उतरतो. तेथला दिवस २० मिनिटांचा असतो. रात्र पडली कीं भुतेंखेतें हिंडूं लागतात, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वीं कांहीं तरी निवारा करावा लागतो. प्रथम झाड तोडून लांकूड मिळवावयाचें. त्याच्या फळ्या, फळ्यांच्या काठ्या, व त्यांपासून टिकाव. लांकडी टिकावानें दगड फुटतो, परंतु लोखंडाचें खनिज निघत नाहीं; त्यासाठीं दगडाचा टिकाव लागतो. खनिज भट्टींत घालून खालीं कोळसा पेटविला म्हणजे लोखंड तयार होतें, आणि लोखंडी टिकाव हातांत आल्याखेरीज हिरा मिळत नाहीं. वाळू भट्टींत घातली तर कांच होते, चिकणमाती भाजली तर वीट होते. मानवजातीनें सहस्रावधि वर्षांत जो मार्ग आक्रमिला त्याचा हा एक बाळबोध नकाशा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ‘अश्मयुगानंतर धातुयुग आलें’ हें वाक्य पाठ करणाऱ्या मुलाला तें कां आलें याचा पत्ता बहुधा नसतो. येथें तो पत्ता त्याच्या बोटांना लागतो. ज्यांना भुतांची व भट्ट्यांची दगदग नको असेल त्यांच्यासाठीं सर्व ठोकळे हवे तितके फुकट देणारा दुसराही एक प्रकार आहे, आणि मोठमोठ्या इमारती बहुधा त्याच प्रकारांत उभारल्या जातात.

सुरुवातीच्या वर्षांत या खेळाबरोबर सूचनांचें पुस्तक दिलेलेंच नव्हतें. हें उणें खरें, पण त्याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. टिकाव कसा करावा, भट्टी कशी मांडावी, हें एकानें दुसऱ्याला विचारावें, दुसऱ्यानें तिसऱ्याला सांगावें, असें होतां होतां खेळाडूंनीं आपल्या हातांनीं एक प्रचंड ज्ञानकोश लिहून काढला. पाठ्यपुस्तकाचें पान पाहून जांभया देणारीं मुलें त्या ज्ञानकोशांतील लांबलचक इंग्रजी प्रकरणें कोश उघडून वाचतात. गरज लागली म्हणजे वाचन येतें. आणि शाळांना ही गोष्ट ठाऊक नाहीं असें नाहीं, फक्त ती सोय करणें शाळांना जमत नाहीं.

गणिताचेंच उदाहरण घ्यावें. एका मुलाला १० ठोकळे लांब, १० ठोकळे रुंद व ५ ठोकळे उंच अशी खोली बांधावयाची आहे. तो हिशेब करतो: चार भिंती, प्रत्येकीला १०, म्हणजे एका थराला ४० ठोकळे. तितके तो आणतो, आणि थर पुरा झाल्यावर पाहतो तों चार ठोकळे शिल्लक! चूक कोठें झाली? कोपऱ्यावरचा ठोकळा दोन्ही भिंतींचा सामाईक असतो, तो त्यानें दोनदां मोजलेला असतो. थराला ३६ व पांच थरांना १८० ठोकळे पुरतात. खेळांतील झोळीच्या एका कप्प्यांत ६४ ठोकळे मावतात. तेव्हां दोन कप्पे भरून वर ५२ घ्यावे लागतात. मग त्याला हौस येते, कीं खोली सर्व बाजूंनीं दुप्पट करावी. दुप्पट खोलीला दुप्पट ठोकळे, असें तो सहजच समजतो. प्रत्यक्षांत २० बाय २० च्या एका थराला ७६, व १० थरांना ७६० ठोकळे लागतात. म्हणजे चौपटीहूनही किंचित् अधिक. छपराचे १०० चे ४०० होतात. आंतील पोकळी तर दहापटीच्या घरांत जाते. क्षेत्रफळ व घनफळ यांचा हा नियम शाळेंत सूत्र म्हणून शिकविला जातो व परीक्षेनंतर बहुतेकांच्या मनांतून निघून जातो. ज्यानें खाणींत उतरून ५८० ठोकळे अधिक खणून आणले आहेत, त्याच्या मनांतून तो सहजीं जाणार नाहीं.

याहून कठीण विषय म्हणजे तांबडी भुकटी. खेळांत रेडस्टोन नांवाचें एक खनिज आहे; त्याची भुकटी जमिनीवर ओळीनें टाकली म्हणजे ती विजेच्या तारेसारखी काम करते. कळ दाबली कीं संदेश ओळींतून धावतो, परंतु १५ ठोकळ्यांपुढें तो क्षीण होऊन थांबतो. पुढें न्यावयाचा तर मध्यें त्याला नवा जोर देणारें साधन बसवावें लागतें. याच खनिजाची एक मशाल आहे. तिच्या आधाराच्या ठोकळ्याला संदेश पोंचला कीं ती विझते, संदेश थांबला कीं पेटते. म्हणजे ‘होय’चें ‘नाहीं’ करणारें हें यंत्र. ‘हें आणि तें’, ‘हें किंवा तें’, ‘हें नव्हे’ या तीन शब्दांवर सारें तर्कशास्त्र बीजगणितासारखें मांडतां येतें असें इंग्लंडांत जन्मलेल्या जॉर्ज बूल या गणितज्ञानें १८५४ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें, आणि आजचे सारे संगणक त्याच पायावर उभे आहेत. जिन्याचा दिवा खालच्या व वरच्या अशा दोन्ही बटनांनीं लावतां व मालवतां यावा, एवढी साधी गोष्ट त्या भुकटीनें साधूं पाहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला बूलचें नांव ठाऊक नसतें. पण तो दोन दिवस ज्या कोड्याशीं झगडत असतो तें बूलचेंच असतें. हौशी खेळाडूंनीं अशाच जुळण्या करीत बेरजा करणारीं यंत्रें सुद्धां खेळाच्या आंत बांधलीं आहेत.

येथें खेळाची एक उणीव सांगितली पाहिजे, कारण ती लहान नाहीं. या जगांत वजन नाहीं. वाळू व खडी हे थोडे अपवाद सोडले तर ठोकळा अधांतरीं लटकत राहतो; झाडाचें खोड बुंध्याशीं तोडलें तरी वरचा शेंडा हवेंत तसाच! पाया न घालतां मनोरा उभा राहतो, कमानीला आधार लागत नाहीं, तुळई वांकत नाहीं. दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज ओल्या मातीच्या भारानें ढांसळतो, आणि मग त्याच्या पोटांत दगड भरावा लागतो हें मुलाला समजतें. पडद्यावर हें समजण्याची कांहींच सोय नाहीं. चिखल किती ओला असावा हें ज्ञान बोटांचें आहे, तें उंदराच्या आकाराच्या कळीनें मिळत नाहीं. तेव्हां पडद्यावरील किल्ला आला म्हणून अंगणांतील किल्ला मोडीत काढावा असें कोणी म्हणेल, तर तें मुलाचें नुकसान होय.

परंतु एका बाबतींत पडद्यावरचा किल्ला अंगणांतल्या किल्ल्याच्या जवळचा भाऊ आहे: तो एकट्याचा राहत नाहीं. अनेक मुलें एकाच जगांत उतरून एकाच भूमीवर बांधूं शकतात, आणि चार जण एका जागीं आले कीं समाजाचे सारे प्रश्न उभे राहतात. ही टेंकडी कोणाची? सर्वांच्या पेटींतलें लोखंड एकानें नेलें तर काय करावें? दुसऱ्यानें बांधलेलें पाडण्याचा अधिकार कोणाला? नव्यानें आलेल्याला प्रथम काय द्यावें? मुलें भांडतात, रुसतात, परत येतात, आणि अखेरीस फळीवर नियम लिहून लावतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत कायद्याची व्याख्या असते. कायदा नसला तर काय होतें हा अनुभव त्यांत नसतो.

असा अनुभव एका सरकारी खात्यालाही आला. डेन्मार्कच्या भूमापन खात्यानें २०१४ सालीं तो सगळा देश, रस्ते, घरें व टेंकड्यांसह, या खेळांत एकास एक या प्रमाणांत उभा केला. शाळांतील मुलांना आपल्या देशाचा भूगोल हिंडून पाहतां यावा असा हेतु होता. सुरुंगाचे ठोकळे चालणार नाहींत अशी व्यवस्था खात्यानें केली होती. पण सुरुंग भरलेली खाणींतील गाडी चालते, हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. थोड्याच आठवड्यांत कांहीं खेळाडूंनीं नेमकी तीच पळवाट शोधून घरें उडविलीं व त्या जागीं अमेरिकेचीं निशाणें रोविलीं. खात्यानें तें मोडलेलें दुरुस्त केलें, आणि आश्चर्य असें कीं इतर खेळाडूंनीं आपण होऊन कित्येक ठिकाणीं पुन्हां बांधकाम केलें. नियमांत भोंक राहिलें तर तें सज्जनाच्या आधीं दुर्जनाला सांपडतें, हें शहाण्या राज्यकर्त्यांना देखील उशिरां कळतें. शाळेंतल्या मुलांना तें एका दुपारीं कळलें.

याच्या अगदीं उलट टोंकाचें उदाहरण कॅनडांतील आहे. स्वमग्न मुलांना, म्हणजे ज्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव वाचणें, गोंगाट सोसणें, समोरासमोर बोलणें जड जातें अशा मुलांना, इतर खेळाडू या सामाईक जगांत छळतात, त्यांचीं घरें मोडतात, असें स्टुअर्ट डंकन या गृहस्थांच्या कानीं आलें. त्यांचा स्वतःचा मुलगा तसाच. २०१३ सालीं त्यांनीं केवळ अशा मुलांसाठीं व त्यांच्या कुटुंबांसाठीं ऑटक्राफ्ट नांवाचें एक वेगळें जग उघडलें. तेथें आंत येण्याला अनुमति लागते, छळाला व शिवीगाळीला जागा नाहीं. मन उद्विग्न झालें तर एकांतांत बसण्यासाठीं तेथें निवांत जागा केलेल्या आहेत. ज्या मुलांना शाळेच्या मैदानावर कोणी खेळांत घेत नव्हतें त्यांना तेथें सोबती मिळाले. संवाद लेखी असल्यामुळें उत्तर देण्यापूर्वीं विचार करावयाला अवसर मिळतो, आणि दोघांच्या मध्यें एखादें अर्धवट बांधलेलें घर असलें म्हणजे बोलावयाला विषयही असतो. मोठ्या माणसांचेंही याहून फार वेगळें नसतें. दोन अनोळखी माणसें एकत्र काम करतांना जितकीं मोकळीं होतात तितकीं समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्यावर होत नाहींत.

आतां ज्या प्रयोगानें या खेळाकडे पाहण्याची जाणत्यांची दृष्टि बदलली त्याकडे वळूं. संयुक्त राष्ट्रसंघाची, शहरें व वसाहती यांचा विचार करणारी यूएन-हॅबिटॅट ही संस्था केनियाची राजधानी नैरोबी येथें आहे. तिनें २०१२ सालीं मोयांगशीं मिळून ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ नांवाचें कार्य आरंभिलें. मूळ अडचण जुनी होती. गरीब वस्तींत एखादें मैदान, बाजार किंवा बाग सुधारावयाची म्हणजे वास्तुशास्त्रज्ञ नकाशा काढतात, सभा भरते, नकाशा भिंतीवर लागतो आणि रहिवासी माना डोलावतात. नकाशा वाचतां येणें ही एक विद्या आहे, व ती सर्वांना नसते. न कळणाऱ्या कागदावर कोणी हरकत घेत नाहीं, आणि मग बांधून झालेली बाग कोणी वापरीत नाहीं. नैरोबींतील किबेरा या अफाट झोपडवस्तींत सिलांगा येथील क्रीडांगणाचा प्रश्न होता. ती जागा जशीच्या तशी खेळांत उभी केली गेली, तरुणांना व रहिवाशांना संगणकापुढें बसविलें गेलें, आणि ‘तुम्हांला येथें काय हवें तें बांधा’ असें सांगण्यांत आलें. ज्याला नकाशा कळत नव्हता त्याला ठोकळा कळला. भिंत मध्यें आली तर मैदानावर काय चाललें आहे हें दिसत नाहीं, हें सांगावें लागत नाहीं. तेथें उभें राहिलें कीं दिसतें.

हैती देशांतील ले-काय या बंदरीं तर समुद्रकांठाच्या जागेचा विचार करावयाला कोळी बसले. अक्षरओळख नसलेले, संगणक कधीं न हाताळलेले असे लोक त्यांत होते. त्यांनीं पाण्याला अडविणारा बांध व सार्वजनिक शौचकूपें यांच्या जागा ठोकळ्यांनीं मांडून दाखविल्या. व्हिएतनाममध्यें हनोईच्या बाहेरील भागांतील मुलींनीं, आपल्याला निर्धास्तपणें फिरतां यावें यासाठीं वाटा, दिवे व मोकळ्या जागा कशा असाव्यात, तें याच रीतीनें दाखविलें. मुंबईंतील एका दाट वस्तींतही हा प्रयोग झाला आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आढळते. सभेंत जो मोठ्यानें बोलतो त्याचेंच ऐकलें जातें, आणि मोठ्यानें बोलणारा बहुधा वयानें व मानानें थोर पुरुष असतो. पडद्यापुढें मात्र सोळा वर्षांची मुलगी साठ वर्षांच्या पुढाऱ्याला कळ कशी दाबावी तें शिकविते, आणि शिकवितां शिकवितां आपलाही दिवा कोठें हवा तें सांगून जाते. सगळ्या मागण्या पुऱ्या होतात असें नव्हे. ठोकळे फुकट असतात, सिमेंट फुकट नसतें. पण आपलें म्हणणें दुसऱ्याला दिसेल अशा रूपानें मांडतां येणें, हीच सामान्य माणसाच्या वाट्याला क्वचित् येणारी गोष्ट आहे.

शाळांनीं हा खेळ उचलला नसता तरच नवल. न्यूयॉर्क येथील संगणकशिक्षक जोएल लेव्हिन यांनीं २०११ सालीं सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गांत तो आणला. फिनलंडांतील दोघा सहकाऱ्यांबरोबर त्यांनीं शाळांसाठीं खेळाची एक वेगळी आवृत्ति काढली. २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती घेऊन स्वतःची शालेय आवृत्ति प्रसिद्ध केली. लेव्हिन यांच्या आवृत्तींत एक सोय अशी होती कीं शिक्षकानें एक कळ दाबली म्हणजे वर्गांतील सारीं मुलें खेळांत जागच्या जागीं थिजून उभीं राहत. पन्नास मुलांच्या वर्गावर ज्यानें आवाज बसेपर्यंत ओरडून पाहिलें आहे, अशा कोणत्याही शिक्षकाला त्या कळीचा हेवा वाटेल! स्टॉकहोम येथील व्हिक्टर रिडबर्ग शाळेनें २०१३ सालच्या सुमारास तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना हा विषय सक्तीचा केला. नगररचना, पर्यावरण व पुढचा विचार करून योजना आंखणें हे त्यांतून शिकविण्याचे विषय होते.

‘सक्तीचा’ हा शब्द मात्र कानाला खटकतो. अमेरिकेंतील आयोवा राज्याच्या विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या ठिकाणीं फार बोलका आहे. त्यांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे चार गट केले. एका गटानें मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळावा. दुसऱ्यानें दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम पाहावा. तिसऱ्यानें माइनक्राफ्ट खेळावा, पण त्याला कांहींही सांगावयाचें नाहीं. चौथ्यानेंही माइनक्राफ्टच खेळावा, परंतु ‘होईल तितकी कल्पकता दाखवा’ अशी त्याला सूचना द्यावयाची. ४० मिनिटांनंतर सर्वांच्या कल्पकतेच्या कसोट्या घेण्यांत आल्या. त्यांत पृथ्वीहून अगदीं वेगळ्या ग्रहावरील प्राण्याचें चित्र काढणें ही एक होती. सरस ठरला तो ज्याला कांहींच सांगितलें नव्हतें तो तिसरा गट. ज्याला कल्पकता दाखविण्याची आज्ञा झाली होती तो त्याच खेळावर तितकाच वेळ घालवूनही मागें पडला. आज्ञेमुळें त्यांचे पर्याय आखडले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. एका प्रयोगावरून सिद्धांत बांधूं नये हें खरें. पण ज्यांनीं मुलें पाहिलीं आहेत त्यांना हा निष्कर्ष अनोळखी वाटणार नाहीं.

कारण असें पूर्वीं एकदां घडून गेलें आहे. जर्मनींतील फ्रीडरिख फ्रोबेल यानें १८३७ सालीं लहान मुलांसाठीं जी संस्था काढली व पुढें जिला बालोद्यान हें नांव पडलें, तींत त्यानें लांकडी गोल, घन व ठोकळ्यांचे संच मुलांच्या हातीं दिले आणि त्यांना ‘देणग्या’ असें गोड नांव ठेवलें. मुलानें ठोकळ्यांशीं खेळतां खेळतां विश्वांतील आकारांची ओळख करून घ्यावी ही त्याची कल्पना. त्याच्या मागून त्याचे निष्ठावंत अनुयायी आले. पहिला ठोकळा उचला, उजवीकडे ठेवा, दुसरा उचला, अशी त्यांनीं त्या देणग्यांची कवायत करून टाकली, आणि पुढच्या पिढीच्या शिक्षणशास्त्रज्ञांना तीच कवायत मोडून काढण्यांत आयुष्य वेंचावें लागलें. ठोकळे तेच होते. पडद्यावरील ठोकळ्यांवर हीच पाळी यावयाला वेळ लागणार नाहीं. ‘रायगडाची प्रतिकृति करा, गुण वीस’ असा गृहपाठ एकदां मिळाला, कीं मुलगा चित्र पाहून ठोकळे मोजील, वडील रात्रीं जागून तो पुरा करतील, आणि खेळ जाऊन त्या जागीं आणखी एक वही येईल.

मोकळीक पाहिजे म्हणजे कुंपण नको, असा याचा अर्थ नाहीं. खेळ हातीं धरून ठेवणारा आहे. तेथें शेवट नाहीं, जय नाहीं, पराजय नाहीं, आणि म्हणून ‘आतां पुरें’ असें म्हणण्याचा क्षण आपोआप येत नाहीं. तो बाहेरून आणावा लागतो. खेळावरील ताबा सुटून झोंप, अभ्यास व माणसें यांना मुकणें हा एक विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणांत नोंदला गेला असून तें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलें आहे. अनोळखी लोकांच्या सामाईक जगांत लहान मुलाला एकटें सोडणें म्हणजे जत्रेंत हात सोडण्यासारखें आहे. ओळखीच्या चार मुलांचें बंदिस्त जग त्याहून शतपटीनें बरें. खेळांत सजावटीच्या वस्तू विकत मिळतात, तेव्हां आईबापांच्या पैशाची किल्ली मुलाच्या हातीं असूं नये. वेळ ठरवावी, ती आधीं सांगावी, आणि बांधत असलेली भिंत पुरी करावयाला पांच मिनिटें अधिक द्यावींत. अर्ध्या भिंतीवर यंत्र बंद करणारा बाप मुलाच्या दृष्टीनें सुरुंगाची गाडी घेऊन आलेल्या त्या डेन्मार्कमधील खेळाडूहून वेगळा नसतो.

कुंपणाच्या आंत मात्र मोठ्यांनीं पाहुणा होऊन जावें. “किती वेळ झाला?” याऐवजीं “मला दाखव पाहूं” असें म्हणून जो आजोबा नातवाच्या शेजारीं खुर्ची ओढून बसतो, त्याला तासाभरांत पुष्कळ कांहीं कळतें. नातू त्याला दिंडी दरवाजा दाखवितो, बुरूज दाखवितो, धान्याचें कोठार दाखवितो. आजोबांनीं लहानपणीं चिखलांत किल्ले केलेले असतात आणि मोठेपणीं खरे किल्ले पायीं चढलेले असतात. ते विचारतात,

“सगळें ठीक आहे, पण पाणी कोठें आहे रे? रायगडावर गंगासागर आहे. वेढा पडला तर तुझे लोक पितील काय?”

नातू क्षणभर थबकतो. मग तटाच्या आंत दोन ठोकळे लांब, दोन ठोकळे रुंद असा खड्डा खणतो, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओततो आणि सांगतो, “आजोबा, झालें. आतां यांतून कितीही बादल्या उपसा, हें पाणी कधींच आटत नाहीं.”

“कधींच नाहीं?”

“कधींच नाहीं.”

आजोबा चष्मा कपाळावर सारून त्या चार ठोकळ्यांच्या निळ्या पाण्याकडे पाहतात. “आमच्या गांवची वैशाखांत आटायची,” ते म्हणतात, आणि ती कां आटायची हें नातवाला सांगूं लागतात.